घरट्याभोवतीची धूळ

आम्ही तिघे त्या दलदलीत शिरलो ते एका पानासाठी. दादाच्या पुस्तकातले एक पान रिकामे होते. पाणपक्ष्यांच्या घरट्यांचे त्याने वीस वर्षे फोटो काढले, त्यांचे पुस्तक निघायचे ठरले, एकसष्ट पाने तयार झाली आणि बासष्टावे अडले. त्या पानावर त्याला पिल्लांना भरवणारा जांभळा बगळा हवा होता. तीन हंगाम या पक्ष्याने त्याला झुलवले. चौथ्या हंगामात घरटे सापडले, तर दादाच्या कमरेने दगा दिला. तासन्‌तास वाकून बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. इकडे छापखाना महिनाअखेरच्या पुढे एक दिवस थांबायला तयार नव्हता.

“बटण तू दाब,” दादा मला म्हणाला. “बाकी सगळं मी करून देतो.”

खरे तर या कामाला माझ्याइतका कुचकामी माणूस शोधून सापडला नसता. आमच्या स्टुडिओत दादा फोटो काढतो, वहिनी बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक सांभाळते आणि मी मागच्या खोलीत ठिपके भरतो. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोत तिथे पांढरा ठिपका उमटतो. उतरत्या टेबलावर फोटो ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचे, तीन केसांचा ब्रश शाईत बुडवून जवळजवळ कोरडा करायचा आणि तो ठिपका आजूबाजूच्या रंगात असा मुरवायचा, की तो होता हे फोटो काढणाऱ्यालाही कळू नये. माझ्याकडे शाईच्या सात बाटल्या आहेत. माझ्या खोलीत चप्पल घालून कोणी येत नाही. मी दिवसातून वीसदा हात धुतो. “भावजींना आंघोळीचं पाणीसुद्धा आधी धुऊन द्यावं लागेल,” असे वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

दादाचे सगळे पक्षी याच टेबलावरून गेले. मला रानावनाची ओळख होती ती एवढीच: काळे-पांढरे, गुळगुळीत, बिनवासाचे. त्या फोटोंपुढे मी मनोमन हात जोडत असे. माझा भाऊ पक्ष्यांच्या घरी जातो आणि काडी न हलवता परत येतो, असे मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो. त्याच भावाचे वीस वर्षांचे काम एका पानावाचून अर्धवट राहणार म्हटल्यावर नाही म्हणायला तोंड नव्हते.

दलदलीत आम्हाला नेणारी बाई पाणकणसाची पाने कापून चटया विणायची. तिला सगळे मावशी म्हणत. सपाट बुडाची होडी, लांब काठी आणि कमरेला कोयता एवढा तिचा संसार त्या पाण्यावर होता. पहाटे उजाडता उजाडता आम्ही काठावर पोहोचलो, तेव्हा तिने माझ्या पांढऱ्या कापडी बुटांकडे बराच वेळ पाहिले.

“हे नाजूकराव कुठं निघालेत? लग्नाला?” तिने दादाला विचारले.

दादा हसला. तेव्हापासून दिवसभर माझे नाव नाजूकराव पडले.

काठ सुटला आणि वास सुरू झाला. सुरुवातीला तो कुजक्या पानांचा होता, तेवढा मी सोसला. मग त्यात मेलेल्या मासळीचा वास मिसळला. मग गावाची गटारे जिथे पाण्याला मिळतात ते वळण आले आणि पाण्यावर राखाडी फेसाचे गठ्ठे तरंगताना दिसले. एक फुगलेले कुत्रे होडीला घासून गेले. त्याच्या पोटावर बसलेल्या माशा उठल्या, आमच्या तोंडावर बसल्या आणि पुन्हा कुत्र्यावर गेल्या. मी रुमाल नाकावर घट्ट धरला.

“नाक दाबू नका, नाजूकराव,” मावशी म्हणाली. “तोंडानं श्वास घेतलात तर चिलटं आत जातात.”

ती म्हणेपर्यंत दोन गेलीच होती. मी खोकत, थुंकत बसलो. दादाने मात्र पिशवीतून उकडलेली अंडी काढली आणि त्या कुत्र्याकडे पाहत पाहत शांतपणे दोन खाल्ली. मला आपल्या सख्ख्या भावाची किळस आली.

पुढे पाणवेलींनी वाट अडवली. जाड, चिकट वेली, एकमेकींत गुंतलेल्या, काठी आत जाईना. मावशीने लुगडे खोचले आणि पाण्यात उडी टाकली. दादाची कमर नाजूक, म्हणून दुसरे कोण उतरणार हे उघडच होते. मी उतरलो. पाय कसल्याशा मऊ वस्तूत गेला आणि ती वस्तू हलली! मी किंचाळलो असेन. मावशी पुढून ओढत होती, मी मागून रेटत होतो आणि कमरेखाली काय काय मला चाटून जात होते हे मी मनात मोजत होतो. अर्ध्या तासाने होडी मोकळ्या पाण्यात सुटली. वर चढून पाहिले तर माझ्या पोटऱ्यांवर सात जळवा लटकत होत्या. मावशीने नखाने एकेक उचकटून पाण्यात फेकली.

“बाटल्यांइतक्याच आहेत,” मी म्हणालो. मला माझ्या शाईच्या सात बाटल्या आठवल्या होत्या. कोणाला काही कळले नाही.

ऊन चढायच्या आत आम्ही पोहोचलो. पाणकणसांच्या गच्च भिंतीआड एक पाण्यात उभे झुडूप होते आणि त्यात छातीएवढ्या उंचीवर घरटे. त्याच्यासमोर दहा-बारा हातांवर दादाचे लपण उभे होते. लपण म्हणजे चार काठ्यांवर ताणलेल्या खाकी कापडाची, एक माणूस कसाबसा मावेल एवढी खोली. मावशीने ते आधी लांब रोवले होते आणि दर दोन दिवसांनी थोडे थोडे पुढे सरकवत इथवर आणले होते, म्हणजे पक्ष्याला त्याची सवय होते.

आता राहिली शेवटची युक्ती. ती दादाने मला होडीतच समजावली.

“पक्ष्याला मोजता येत नाही. दोघं लपणात गेलेले तो बघतो. त्यातला एक बाहेर पडून निघून गेला, की त्याला वाटतं लपण रिकामं झालं. म्हणून मी तुझ्याबरोबर येणार आणि एकटा परत जाणार. मावशी मला लांबच्या उंचवट्यावर नेईल. फोटो मिळाला की शिट्टी वाजव. त्याआधी काहीही झालं तरी बाहेर यायचं नाही. समजलं? काहीही झालं तरी.”

“इतकी वर्षं तू हेच करायचास?”

“इतकी वर्षं मी आत राहायचो, बरोबरचा माणूस जायचा,” दादा म्हणाला.

मावशी होडी घेऊन कणसांच्या पलीकडे थांबली. आम्ही दोघे मांड्यांपर्यंतच्या चिखलातून लपणापर्यंत गेलो. बगळा आम्हाला पाहून केव्हाच उडाला होता. आत चिखलावर एक रुंद फळी टाकलेली होती. फळीच्या पुढच्या टोकावर मी कॅमेऱ्याची तिकाटी उभी केली, मागच्या टोकावर स्वतः बसलो आणि लेन्स बसवायला लागलो. तेवढ्यात दादा म्हणाला, “थांब, मी जरा बघून येतो,” आणि कमरेवर हात ठेवून घरट्याकडे गेला. कापडापलीकडे मला कट्‌कट् असा आवाज ऐकू आला. दादाच्या पिशवीत छाटणीची कात्री असते हे मला माहीत होते. ती वहिनीच्या कुंड्यांसाठी असेल, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत. आत्ता मला वाटले, वाटेतल्या वेली कापतोय. मग तो परत आला, मोठ्याने खोकला आणि पक्ष्यांना दिसेल असा ऐटीत निघून गेला.

मी एकटा राहिलो. लपणात माझ्याच घामाचा, चिखलाचा आणि जुन्या कापडाचा वास कोंडला होता. मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

घरट्यात तीन पिल्ले होती. दादाच्या फोटोंत पिल्ले गोजिरी दिसतात. ही मला नुकत्याच झोपेतून उठलेल्या तिरसट म्हाताऱ्यांसारखी दिसली. डोक्यावर पिंजारलेले केस, उघडी हिरवट कातडी, आणि घरट्याच्या कडांवरून ओघळलेली पांढरी विष्ठा. खाली अर्धवट पचलेला मासा काट्यांवर लोंबत होता. पण चित्र स्वच्छ होते. मध्ये कुठे पान नाही, काडी नाही, प्रकाश थेट आत पडलेला. फक्त डाव्या बाजूला तीन आणि उजवीकडे दोन असे पांढरे लंबगोल ठिपके मध्येच चमकत होते.

आणि मी काय केले? मनातल्या मनात शाई निवडली. तीन नंबरची बाटली, वरून एक थेंब पाणी. हे ठिपके सहज भरता येतील, असा विचार करून मी मोकळा झालो.

मग माझा हात लेन्सवर तसाच राहिला. हा फोटो नव्हता. अजून निगेटिव्हच नव्हते, तर धूळ बसणार कशावर? मी पुन्हा पाहिले. ते फांद्यांचे नुकते छाटलेले शेंडे होते. ओलसर, पांढरे. छाटलेल्या फांद्या घरट्याखाली पाण्यात पडल्या होत्या आणि त्यांची पाने अजून टवटवीत होती.

मला ते ठिपके ओळखीचे होते. डाव्या बाजूला तीन, उजवीकडे दोन; कधी चार, कधी सहा. पाणकावळ्याच्या फोटोत होते, रातबगळ्याच्या फोटोत होते, मुखपृष्ठावर जाणाऱ्या फोटोत तर अकरा होते. ते सगळे मी भरले होते. एकेक, भिंग लावून, श्वास रोखून. धूळ नेहमी घरट्याभोवतीच कशी बसते, असा प्रश्न वीस वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.  

ऊन कणसांच्या वर आले. इतके दिवस त्या फांद्या ज्या जागी सावली धरत होत्या, तिथे आता उन्हाचा झोत पडला. पिल्ले चोची उघडून धापा टाकू लागली, गळ्याची कातडी थरथरू लागली. आई परत आली, पण घरट्यावर आली नाही. ती कणसांच्या कडेला उतरली, मान ताठ करून उभी राहिली, दोन पावले टाकली आणि थांबली. आपले घर तिला ओळखू येत नसावे. उघडे पडलेले घरटे, समोर काचेचा डोळा. ती मागे गेली. पुन्हा आली. आता ती घरट्यापासून चार हातांवर होती. अजून तीन पावले, आणि बासष्टावे पान तयार.

मी वाट पाहिली. हे लिहिताना मला माझी शिसारी येते, पण ते तसेच घडले. सगळे कळल्यावरही मी बटणावर बोट ठेवून अर्धा तास बसलो. ये ना बाई, म्हणालो. तीनच पावले. सर्वांत लहान पिल्लाने मान घरट्याच्या कडेवर टाकली, डोळे मिटले, आणि मी वाट पाहत राहिलो.

घार वरून आली. मला फक्त सावली दिसली. आई ओरडली, पंख पसरून धावली, पण घारीला उघड्या घरट्यात शिरायला कितीसा वेळ लागणार! एक झपाटा, आणि घरट्यात दोनच पिल्ले उरली. त्याच क्षणी कॅमेरा वाजला. माझ्या बोटाने बटण दाबले होते. त्याला कोणी सांगितले नव्हते.

घार वळली. ती पुन्हा येणार होती.

मी लपणाचे कापड काठ्यांवरून उचकटले आणि खांद्यावर टाकले. काहीही झाले तरी बाहेर यायचे नाही, असे दादाने सांगितले होते, आणि मी उघड्यावर उभा राहून घारीवर ओरडत होतो. दोन पावले टाकली आणि कमरेपर्यंत गेलो. घरट्याच्या बाजूचा चिखल पातळ होता. दादा कुठून गेला ते मी पाहिले नव्हते. तिसऱ्या पावलाला पायाखाली काहीच लागेना!

फळी हवी. फळीवर कॅमेरा उभा होता. मी मागे हात टाकला, फळीचे टोक धरले आणि सगळ्या ताकदीनिशी ओढले. तिकाटी झुकली, थोडी थांबली आणि पडली. डुबुक असा आवाज झाला. दादाचा कॅमेरा, ती मोठी लेन्स आणि घारीच्या फोटोचा तो रोल चिखलात गेला. दोन बुडबुडे आले. मला त्या क्षणी वाईट वाटले नाही.

फळी पुढे टाकून मी तिच्यावर पालथा पडलो आणि सरपटत निघालो. तोंड चिखलाला लागत होते. तोंडात काय गेले याचा मी आजही विचार करत नाही. घरट्याखाली पोहोचून गुडघ्यांवर उठलो, तर दोन्ही पिल्लांनी घाबरून आपापल्या पोटातले सगळे माझ्या डोक्यावर ओकले. कोमट, आंबलेले, त्यात अर्धा बेडूक. तो माझ्या कानावरून घसरून कॉलरमध्ये गेला. मी हात धुणारा माणूस! मला ओकारी आली आणि मीही ओकलो. कोणीच कोणाला नावे ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

मग मोठ्या पिल्लाने माझ्या डोळ्यावर चोच मारली. चष्म्याची काच तडकली. चष्मा नसता तर डोळा गेला असता. मान खाली घालून, चाचपडत, मी कापडाचे एक टोक डाव्या छाटलेल्या फांदीला बांधले. दुसरे उजव्या. उरलेल्या दोन टोकांना दोरी नव्हती, तेव्हा पांढऱ्या बुटांच्या नाड्या काढल्या. बूट आता पांढरे नव्हतेच. कापड छपरासारखे ताणले गेले. पिल्लांवर सावली पडली. वर घार एकदा खाली उतरली, कापड पाहून बिचकली आणि निघून गेली.

परतताना फळी बुडायला लागली. जेमतेम पाच-सहा हात मागे आलो असेन, तोच ती माझ्याखालून तिरकी सटकली आणि मी छातीपर्यंत चिखलात उभा राहिलो. हलले की आणखी खाली. कणसांची दोन मुळे हाताला लागली, ती धरून ठेवली. शिट्टी गळ्यात होती. ती तोंडाला लावली.

तेवढ्यात आई आली. मी तिथे होतो, पण चिखलाने माखलेले ते डोके म्हणजे माणूस, असे तिला वाटले नसावे. ती झुडपावर उतरली, कापडाखाली वाकून पाहिले. मी शिट्टी वाजवली असती तर ती उडाली असती आणि पुन्हा कधी आली असती, देव जाणे. चिखल काखेपर्यंत आला होता. मी शिट्टी दातांत धरून गप्प राहिलो.

ती कापडाखाली शिरली. मोठ्या पिल्लाने तिची चोच आडवी पकडून खाली खेचली, तिचा गळा खालीवर झाला आणि तिने बुळबुळीत माशांचा गोळा बाहेर काढला. पिल्ले त्यावर तुटून पडली. एकाच्या घशातले दुसऱ्याने ओढून घेतले. इतके घाणेरडे जेवण मी जन्मात पाहिले नव्हते, आणि मी पापणीसुद्धा मिटली नाही. तडकलेल्या काचेतून, सहा हातांवरून, मी बासष्टावे पान पाहिले.

दोघांना भरवून झाले. ती उडाली. चिखल खांद्याला लागला होता. मग मी शिट्टी फुंकली, दम संपेपर्यंत फुंकली.

थोड्याच वेळात कणसांपलीकडून दादाचा आवाज आला. आनंदाने फुटलेला.

“मिळाला? अरे, मिळाला का?”

होडीचे टोक दिसले आणि दादाचा चेहरा दिसला. तो हसरा चेहरा माझ्यावर आला, तिथून कापडावर गेला, तिथून लपणाच्या उघड्या काठ्यांवर गेला.

“कॅमेरा कुठाय?” तो म्हणाला.

“आधी माणूस काढू या,” मावशी म्हणाली. तिने कोयत्याने सपासप कणसे कापली, त्यांच्या पेंढ्या बांधल्या आणि माझ्यासमोर चिखलावर एकापुढे एक टाकल्या. पाने कापणारी माणसे चिखलात अशीच वाट करतात. त्यांवर ती पोटावर झोपून पुढे आली आणि माझ्या काखेत हात घातले. “पाय मारू नका. पाय मेले आहेत असं समजा. मी ओढते.” बूट खाली राहिले, मी वर आलो.

आम्ही होडीत चढलो. मावशीने काठी रेटली. मग तिने घरट्याकडे मागे वळून पाहिले आणि खाली तरंगणाऱ्या फांद्या तिला दिसल्या.

“ह्या कोणी तोडल्या?” तिने विचारले. “आम्ही पानं कापतो, पण पिल्लं उडेपर्यंत झुडपाला कोयता लावत नाही. ह्या कोणी तोडल्या, फोटोवाले?”

दादाने कात्रीची पिशवी पायाआड सरकवली.

“एक घारीनं नेलं,” मी म्हणालो. “तीन होती.”

“तसं होतं कधी कधी,” दादा म्हणाला.

“कधी कधी म्हणजे किती वेळा?”

“मी आधी बांधायचो,” तो म्हणाला. “फांद्या दोरीनं मागे बांधायच्या, काम झालं की सोडायच्या. मग एकदा घाई होती म्हणून कापल्या. फोटो चांगला आला. कोणाला काही कळलं नाही.”

“आणि पिल्लं? त्या सगळ्या फोटोंतली पिल्लं?”

“मी परत जाऊन बघितलं नाही.”

“एकदाही?”

“नाही.” मग तो एकदम माझ्याकडे वळला. “आणि मला कसलं विचारतोस? एवढं मोठं नाक आहे तुझं. कुत्र्याचा वास येतो, अंड्याचा येतो. वीस वर्षं ते शेंडे पुसत होतास, तेव्हा नाही आला?”

 माझ्या कॉलरमध्ये बेडूक होता आणि मला त्याच्यापेक्षा आम्हा दोघा भावांची जास्त किळस वाटत होती.

घरी तीन बंब पाणी संपले, तरी वास गेला नाही. वहिनीने दारातूनच साबण फेकला. दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलो, पुस्तकातले एकसष्ट फोटो नव्याने छापले आणि दोरीवर लावले. आभाळातली धूळ भरली, पाण्यावरचीही भरली. घरट्याभोवतीची भरली नाही.

दादा संध्याकाळी आला. चप्पल बाहेर काढली. दोरीपाशी उभा राहून त्याने भिंगातून एकेक फोटो पाहिला. बहुतेक फोटोंत छाटलेले शेंडे पांढरेफटक दिसत होते. मी टेबलावरचा ब्रश उचलून त्याच्यापुढे धरला.

“तुझ्या फांद्या आहेत. तू भर.”

त्याने ब्रश घेतला. तीन नंबरची बाटली उघडली. मुखपृष्ठाच्या फोटोवर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग बाटलीला झाकण लावले, ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि बाहेर गेला. छापखान्याचे दोनदा बोलावणे आले. वहिनीने दोन्ही वेळा तो आजारी असल्याचे सांगितले. महिना संपला आणि पुस्तक राहिले.

दलदलीतून परतल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता. हातात कॅमेरा नव्हता, पिशवी नव्हती.

“मावशीला निरोप दिलाय,” तो म्हणाला. “बघून येऊ.”

पुन्हा तेच गटार, तोच फेस. कुत्रे काठाला लागले होते, त्याची आता नुसती हाडे राहिली होती. वेलींपाशी मी उतरायला लागलो, तर दादाने मला मागे ओढले आणि कमरेवर हात ठेवून स्वतः उतरला. वर आल्यावर मावशीने त्याच्या जळवा काढल्या. कणसांच्या भिंतीपाशी तिने होडी थांबवली. तिथून पुढे जायचे नाही, असे तिने निघतानाच बजावले होते.

वारा आमच्याकडे होता. घरटे दिसायच्या आधी वास आला. कुजक्या मासळीचा, ताज्या विष्ठेचा, डोळ्यांत पाणी आणणारा भयंकर वास. रिकाम्या घरट्याला असा वास येत नाही, हे मला न सांगता कळले. मी नाकावरचा रुमाल काढला.

कणसांच्या फटीतून कापड दिसले. एका बाजूने फाटले होते, पण माझ्या नाड्या टिकल्या होत्या. ते खाकी कापड वरपासून खालपर्यंत पांढऱ्या शिंतोड्यांनी भरले होते. त्याच्यावर दोन पिल्ले उभी होती, चांगली ढेंगाळी झालेली, आणि पंख उघडून वारा आजमावत होती. एकाने शेपटी उचलली आणि कापडावर आणखी एक पिचकारी मारली.

दादा खाली बसला. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता, हे मला उशिरा लक्षात आले. दोनच होती, तरी तो पुन्हा पुन्हा मोजत होता.

“हंगाम संपला की कापड आणून देईन,” मावशी हळूच म्हणाली. “धुऊन देऊ?”

“नको,” मी म्हणालो. “तसंच द्या.”